मामांनी पुसलेले आरसे

परवा माझे मामा वारले आणि मी मातीला गेले नाही.

ताप आहे असं आईला कळवलं. ताप नव्हता.

कालपासून येरमाळ्याच्या ग्रुपवर त्यांचे फोटो फिरतायत. "दिलदार माणूस." "शब्दाला पक्का." हे दुसरं वाचलं आणि लिहायला बसले.

मी हैदराबादला लेझरची उपकरणं बनवते. भल्यामोठ्या फुग्याला बांधून ती वर सोडतात, विमानं जातात त्याच्याही कितीतरी वर. तिथल्या कोरड्या हवेत पाण्याची वाफ किती आहे, हे मोजायचं.

आमच्या पेटीत समोरासमोर दोन आरसे होते. सोन्याचा अगदी पातळ मुलामा दिलेले. लेझरचा किरण त्यांच्यामध्ये पुन्हा पुन्हा ये-जा करतो. त्या आरशांना नुसतं बोट लागलं तरी काम बिघडतं.

चार वर्षं मी त्या पेटीवर घालवली.

फुगा पहाटे सुटला. वाऱ्यानं त्याला पश्चिमेला आणलं, आणि दुपारी पेटी पॅराशूटनं उतरली ती थेट येरमाळ्याजवळ, हरभऱ्याच्या रानात.

मामांच्या गावात. मला किती बरं वाटलं होतं तेव्हा.

जीपमधूनच फोन केला. "मामा, पेटीजवळ जाऊन बसा. मी येईपर्यंत कुणाला हात लावू देऊ नका. उघडायची तर अजिबातच नाही."

"तू निवांत ये. म्या हाय ना इथं."

शेजारी बसलेल्या आमच्या सरांना मी सांगितलं, "काळजी नको सर, माझे मामा आहेत तिथं."

पोचलो तर पेटी रानात नव्हतीच.

ग्रामपंचायतीपुढं टेबलावर होती. झाकण काढलेलं. मामांनी नारळ फोडला होता, हळदीकुंकू वाहिलं होतं, फोटोही काढून झाले होते.

"कुकू सांडलं व्हतं आतमधी. पुसून घेतलं," मामा म्हणाले आणि खांद्यावरचं उपरणं दाखवलं.

मी आत बघितलं. सोनं खरवडून निघालं होतं.

वर मोजलेले आकडे बरोबर आहेत का, हे खाली आल्यावर त्याच आरशांवर तपासावं लागतं. ते आता होणार नव्हतं. अख्खं उड्डाण फुकट गेलं.

इथपर्यंत मी माफ केलं असतं. खरंच. माणूस हौसेनं करतो, त्याला कळत नाही.

आठवड्यानं चौकशी बसली. सरांनी माझ्यासमोरच मामांना फोन लावला, स्पीकरवर.

"पेटी उघडायला कुणी सांगितलं?"



"भाचीनंच सांगितलं, सायेब. झाकण काढा, आत हवा लागू द्या म्हणली."

"मामा, मी असं कधी म्हणाले?"

फोन कट झाला.

सर एवढंच बोलले, "घरचाच माणूस सांगतोय."

मला प्रोजेक्टवरून काढलं. पुढं तीच पेटी नवे आरसे लावून उडाली, तेव्हा मी दुसऱ्या इमारतीत बॅटऱ्या तपासत होते.

दिवाळीला मामांना त्यांच्या अंगणात गाठलं. "खोटं का बोललात?"

"मंग काय करू? पोलिसात दिलं असतं मला. गावात इज्जत हाय माझी. तू शिकलेली, तुला दुसरं काम भेटंल."

ह्याच माणसानं मला अकरावीला लातूरला नेऊन सोडलं होतं. मोटारसायकलवर, मी मागं ट्रंक धरून. वडील नको म्हणत होते तेव्हा माझ्यासाठी भांडले होते ते.

हे मी विसरले नाही. विसरता आलं असतं तर इतका राग आला नसता.

मागच्या महिन्यात धाराशिवच्या दवाखान्यात त्यांना भेटले. आई उशाशी बसली होती. तिला अजून वाटतं, चूक माझीच.

म्हटलं, "मामा, एकदा आईला खरं सांगा. फक्त आईला."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. नीट समजलं होतं त्यांना.

"आता काय ऱ्हायलंय त्यात," म्हणाले आणि भिंतीकडं तोंड केलं.

आई मलाच रागावली. आजारी माणसाला कशाला छळतेस म्हणून.

तर आई, तू माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेस. हे सगळं वाच. झालं ते असं झालं.

मामा, तुम्हाला निरोप.

श्रद्धांजली भावपूर्णच आहे. तो भाव रागाचा आहे, एवढंच.