चपलांची राखण

आमच्या कुलदेवतेच्या देवळात पुरुषांनी सदरा काढूनच गाभाऱ्यात जायचं असतं. काल पायरीशी तिशीचा एक माणूस आठ जोड चपला मांडून बसला होता. बायकोनं हाक मारली, "अहो, चला ना आत!" हात छातीवर घट्ट बांधून तो हसला. "कुणीतरी चपलांपाशी नको का?"

माझं डोकंच फिरलं. अकरा वर्षं हे वाक्य मी बोललो आहे. मेव्हणा चारचौघांत विचारायचा, "दाजी, तुम्हालाही ब्लाउज शिवायला टाकू का?" सगळे हसायचे. मीही हसायचो, त्याचा राग सर्वांत जास्त. रोज साठ जोर काढून नऊ किलो वजन उतरवलं, तरी छाती तशीच. शेवटी डॉक्टरांनी दोन बोटांनी चाचपून सांगितलं, "ही चरबी नाही, ग्रंथी वाढली आहे. जोर काढून जाणार नाही. यात तुमची काही चूक नाही." मग छोटी शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांचं ते शेवटचं वाक्य अकरा वर्षांत घरच्या एकानंही म्हटलं नव्हतं.

सदरा काढून मी त्याच्या शेजारी बसलो. छातीवरचे दोन व्रण त्याला दिसू दिले.

"अकरा वर्षं राखण केली," मी म्हणालो. "एकही जोड कुणी नेला नाही हो."