एक प्रवेश कमी

कोणी बोलायला लागलं की सर आधी चष्मा काढायचे. शर्टाच्या टोकाने पुसायचे, पण परत लावायचे नाहीत. हातात धरून समोरच्याच्या तोंडाकडे बघत बसायचे. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "दिसणं कमी झालं का ऐकू बरं येते, बाबूजी." मी कॉलेजचा बाबू. प्रवेश, याद्या, दाखले हे माझं काम. माझ्या खिडकीशी येणारा प्रत्येक माणूस घाईत असतो आणि मीही असतो. त्यामुळे हा चष्म्याचा प्रकार सुरुवातीला मला नाटकी वाटला होता, हे कबूल करून टाकतो.

आमचं कॉलेज आर्वी तालुक्यातलं, लहानसं. सर तिथे तासिका तत्त्वावर मराठी शिकवायचे. म्हणजे घेतलेल्या तासांपुरतं मानधन, आणि उन्हाळा लागला की नेमणूक संपली. दरवर्षी नवा अर्ज, नवी मुलाखत. चौदा वर्षं त्यांचा तो अर्ज मीच घेतला. राहायचे पवनारला. सकाळी वर्ध्याची बस, तिथून आमच्याकडची दुसरी. पक्की नोकरी नाही म्हणून लग्न जुळलं नाही, आणि पुढेपुढे लोकांनी विचारायचंही सोडलं. असे सर तुमच्याही गावच्या कॉलेजात असतील. बघा एकदा स्टाफरूममध्ये. दाराजवळच्या खुर्चीवर बसलेले असतात.

पहिल्या वर्षाच्या पोरांना त्यांचा एक ठरलेला गृहपाठ असे. घरातल्या कोणाही एकासमोर दहा मिनिटं बसायचं, तो जे बोलेल ते जसंच्या तसं लिहायचं आणि मग त्यालाच वाचून दाखवायचं. "हो, असंच म्हटलं मी," असं तो म्हणाला तरच गृहपाठ पूर्ण. एका पोराने बापाच्या शिव्याच लिहून काढल्या. बापाने त्या ऐकल्या आणि पोराला विचारलं, मी असा बोलतो? पोरगं हो म्हणालं. दुसऱ्या दिवशी तो बाप कॉलेजात आला. आता भांडण होणार म्हणून मी शिपायाला हाक मारून ठेवली. पण बाप सरांजवळ अर्धा तास बसला, काय बोलला कोण जाणे, आणि जाताना डोळे पुसत गेला.

मराठी घेऊन काय होते, असं पोरं विचारायचीच. "मराठीवाला उपाशी नाई राहत, फक्त उशिरा जेवते," असं म्हणून सर हसवायचे. मग आपल्या जुन्या पोरांची खबर द्यायचे. एक जण पोलीस ठाण्यात जबाब लिहितो, त्याचा जबाब वकिलाला फिरवता येत नाही. एक पोरगी शेतकऱ्यांच्या फोनला उत्तरं देते. पान पिवळं पडलं एवढं ऐकून ती पुढचे चार प्रश्न बरोबर विचारते. एक जण नागपूरला मोबाइलमधल्या सूचना मराठीत करतो. सरांना प्रत्येकाचं गाव, काम, साहेबाचा स्वभाव ठाऊक असायचा. त्या यादीत स्वतःचं नाव ते कधी घेत नसत.

मग विषय निवडायची नवी पद्धत आली आणि संस्थेने सांगून टाकलं की ठरलेली संख्या भरली नाही तर मुख्य विषय म्हणून मराठी बंद. मराठी बंद म्हणजे सरही बंद. शनिवारी पाच वाजेपर्यंत यादी संगणकावरून वर पाठवायची होती. गुरुवारी मी मोजलं, तर नेमका एक प्रवेश कमी.

आमच्याकडे निकाल लागला की प्राध्यापक गावोगाव फिरतात. घर शोधायचं, चहा घ्यायचा आणि पोरगं मागायचं, सोयरीक जुळवायला गेल्यासारखं. एकेका घरी तीन-तीन कॉलेजांचे मास्तर येऊन जातात. त्याच दिवशी मी सरांना माझ्या गाडीवर मागे बसवलं आणि रोहण्याला नेलं. तिथली एक मुलगी बारावीला चांगल्या गुणांनी पास झाली होती आणि तिला मराठीच घ्यायचं होतं. प्रश्न बापाचा होता.

बाप भाजीपाला पिकवणारा शेतकरी. अंगणात वांग्यांच्या कॅरेटी भरत होता. पोरगी दारात उभी. तो बराच वेळ बोलला: हिच्या मायले बरं नसते, लहान भाऊ शिकून राह्यला, हिनं लवकर पायावर उभं राहावं. सरांनी चष्मा हातात घेऊन सगळं ऐकलं. मग बापाने सरळच विचारलं, "सर, मराठी घेऊन पोरीले नोकरी लागन का?"

मी मनात म्हटलं, हो म्हणा आणि मोकळे व्हा.

सर म्हणाले, "लागन असं मी नाई म्हणत. मलेच चौदा वर्षांत पक्की लागली नाई. पण समोरचा काय म्हणून राह्यला ते तिले समजन, आन नीट लिहिता येईन. ते कोणत्याबी कामात कामी पडते."

बापाने हातातलं वांगं खाली ठेवलं. "तुमची पोरगी असती तं?"

सरांना पोरगी नव्हती. ती असती तर कशी असती, हे त्यांनी कधी मनात आणलं होतं का, मला माहीत नाही. त्यांचा चेहरा मात्र मला बघवला नाही. शेवटी अगदी हळू म्हणाले, "तं मी तिले नर्सिंगले टाकलं असतं."

पोरगी दारातून आत निघून गेली.

परत येताना मी त्यांना वाटेल तसं बोललो. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला, म्हणालो. एक शब्द इकडचा तिकडे केला असता तर कोणाचं काय बिघडलं असतं? ते मागे बसून ऐकत होते. गावाच्या फाट्याशी एवढंच म्हणाले, "त्यानं मले खरं विचारलं होतं, बाबूजी."

शनिवारी मी बाराच्या सुमाराला यादी पाठवून दिली. दुपारी लाईट जाते, हे मी प्राचार्य साहेबांना सांगितलेलं कारण. खरं म्हणजे मला सरांचा राग आला होता. आता कुठला प्रवेश येतो, असं म्हणून मी बटण दाबलं. ती यादी एकदा गेली की उघडत नाही. सरांनी कपाटातली आपली पुस्तकं दोन पिशव्यांत भरली, माझ्या खिडकीशी येऊन नमस्कार केला आणि दोनच्या बसने गेले. मी त्यांना स्टँडपर्यंत सोडायलाही गेलो नाही.

साडेतीन वाजता तो बाप पोरीला घेऊन आला. दोन दिवस वर्ध्यात नर्सिंगची कॉलेजं बघून थेट इकडे आला होता. म्हणाला, "बाबूजी, जो तो म्हणते शंभर टक्के नोकरी. खरं बोलणारा एकच माणूस भेटला. पोरगी त्यायच्याच हाताखाली शिकन."

मी साहेबांकडे धावलो. साहेबांनी फोन केले, अर्ज लिहिला. वरून उत्तर आलं की पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी कोणी बघितलं नाही.

सर आता बुटीबोरीच्या एका गोदामात गेटवर नोंदी करतात, असं ऐकलं. त्यांचा नंबर माझ्याजवळ आहे. तो बाप आला होता, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर यादी किती वाजता पाठवली हेही सांगावं लागेल, आणि ते माझ्याने होत नाही. मला त्या माणसाची फार आठवण येते.

पोरगी त्या दिवशी फॉर्म घरूनच भरून आली होती. मुख्य विषयाच्या रकान्यात पेनाने, मोठ्या अक्षरात मराठी लिहिलं होतं. बाप बाहेर पाणी प्यायला गेला, तशी तिने फॉर्म खिडकीतून आत सरकवला.

"मंग याच्यात आता काय लिहू, बाबूजी?"

मी म्हणालो, "इतिहास लिही."