बंदी मागणारे हेडक्लार्क

विक्रोळीच्या आमच्या कारखान्यातले हेडक्लार्क दिवसभर तोंडात तंबाखू धरून असत. हनुवटी वर करून ते फक्त "उंऽ" म्हणत. गावाकडून नव्याने आलेल्या माझ्यासारख्या पदवीधराला त्यांनी सगळं काम त्या "उं"वरच शिकवलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

एकदा ते खिडकीबाहेर थुंकून, चूळ भरून थेट मालकांच्या केबिनमध्ये शिरले. मी फाइल घेऊन मागे होतो.

"साहेब, हापिसात तंबाखू बंद करा."

मालक हसले. "हे तुम्ही सांगताय?"

"डॉक्टरला गालात पांढरा चट्टा दिसला. घरी बायको अडवते, इथे कोण अडवणार? माझ्या एकट्याच्याने सुटत नाय, साहेब. तुम्ही अडवा."

मालकांनी त्याच दिवशी पाटी लावली. दुसऱ्या दिवसापासून हेडक्लार्क बोलू लागले ते थांबेचनात. मालवणचे बांगडे, मेहुण्याची मूळव्याध, सगळं तपशीलवार.

आठवड्याभरात टायपिस्ट बाई मालकांकडे गेल्या. "साहेब, यांच्यापुरती तरी बंदी उठवा ना! वाट लागली आमची."

मालकांनी पाटी हलवली नाही. त्यांनी सगळ्यांच्या कानांसाठी कापूस मागवला.

मी मात्र तो घातला नाही. हेडक्लार्कांच्या लग्नाची गोष्ट ऐन अंतरपाटापर्यंत आली होती.