माहिती देणाऱ्याचा रकाना

हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. पत्नीला नाही, आणि ज्यांच्या शेजारी टेबल लावून निम्मे आयुष्य काढले त्या सहकाऱ्यांनाही नाही. तुम्हाला का सांगतो आहे, हेही मला नीट सांगता येणार नाही. तुम्ही मला ओळखत नाही, कदाचित म्हणूनच.

पण आधी थोडे अभिमानाचे बोलू द्या. कबुली देणाऱ्याने मान खाली घालून सुरुवात करावी, अशी रीत आहे. माझा अपराध मात्र माझ्या अभिमानाच्याच पोटी जन्मला — मग तो झाकून कसे चालेल? मी भूवैज्ञानिक आहे. भंडारा जिल्ह्यात जमिनीखालची उष्णता कोठे कोठे वर येते, त्याची सूची आणि नकाशा मी तयार केला. कोमट झरे, थंडीत वाफाळणाऱ्या विहिरी, हंडा भरताना हाताला ऊब देणाऱ्या बोअरवेल. कोकणात आहेत तशी उकळती कुंडे आमच्याकडे नाहीत. आमच्या मातीतली उष्णता लाजाळू आहे; ती स्वतःहून समोर येत नाही, तिच्यामागे हिंडावे लागते. मी हिंडलो. भंडाऱ्याहून एसटीने, पुढे कोणाच्या तरी मोटारसायकलीवर, आणि शेवटी धानाच्या बांध्यांतून पायी, थर्मामीटरची पेटी छातीशी धरून. नकाशावरचा प्रत्येक ठिपका माझ्या पायांखालून गेलेला आहे. आजही ती सूची उघडली की ऊर भरून येतो. हे लिहितानाही येतो आहे — तेही सांगून टाकलेले बरे.

प्रत्येक ठिपका, असे म्हणालो. त्यातल्या एकाविषयी बोलायचे आहे.

लाखांदूर तालुक्यात एक जुना तलाव आहे. त्याच्या तळाशी, काठापासून बऱ्याच आत, कोमट पाण्याचा एक झरा आहे. वरून काही दिसत नाही. बुडबुडा नाही, वाफ नाही. म्हणूनच माझ्या सूचीतली ती सर्वांत वाखाणलेली नोंद ठरली. नव्याने रुजू होणाऱ्यांना आमच्या खात्यात ती उदाहरण म्हणून दाखवतात — चिकाटीने पाहणारा माणूस कोठवर पोहोचतो याचे उदाहरण. ते ऐकताना मी नम्रपणे हसतो. त्या हसण्याचीही कबुली यातच आली.

मी प्रथम तेथे गेलो तो मे महिन्यात. काठावर आणि गुडघाभर पाण्यात तापमान घेतले. जाळे वाळत घालत बसलेला एक ढिवर माझ्याकडे पाहत होता. नाव डोमाजी. वय माझ्या वडिलांइतके. बराच वेळ पाहून तो म्हणाला,

"साहेब, पुरा तलाव तापून राहिला, न तुमी गरम पानी धुंडता? पान्याले नाही, तुमच्या कांडीलेच ताप आला हाये."

काठावरच्या बाया हसल्या. मला राग आला. तो पुढे म्हणाला, "पूस महिन्यात या. तवा दाखवतो." उष्ण पाण्याचा पुरावा आढळला नाही, असे वहीत लिहिले आणि खाली सही केली.

भर उन्हाळ्यात कोमट झरा शोधणे — ही चूक कोणी करावी? ज्याला साल सरकारी वेळापत्रकातूनच कळते, त्याने. आणि ती कोणाला उमगावी? जो थंडीत छातीभर पाण्यात उभा राहून जाळे ओढतो, त्याला. डोमाजीचे वाक्य मला सोडेना. पौषात मी पुन्हा गेलो.

त्याने मला डोंग्यात बसवले. पाणी असे गार की बोट बुडवताच ओढून घ्यावे. तलावाच्या मध्याकडे जाऊन तो खाली उतरला, पायाने तळ चाचपत पुढे गेला आणि एका जागी थांबला. चेहऱ्यावर असे समाधान, जणू घरी पोहोचला. बांबूला बांधलेला थर्मामीटर त्याच्या पावलाशी सोडला, वर काढला, आणि पारा पाहून मी तो आकडा वहीत दोनदा लिहिला. त्याच्या पावलाने एक वीतही चूक केलेली नव्हती.

थंडीत मासे त्या उबेला जमतात. ती जागा त्याच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या राखली होती. हिवाळ्यातले जाळे तेथेच पडायचे.

"थे जागा आमी जावयालेही नाही सांगत, साहेब," तो म्हणाला.

"मग मले काहून सांगितली?" मी त्याच्याच बोलीत विचारले.

"तुमी पुस्तक करून राहिले ना. जाळं पोराच्या हातून फाटन, तलाव गाळानं भरन. पुस्तक राहीन. माह्यं नाव टाका त्यात. बस."

इतकेच मागितले होते त्याने.

नोंदीच्या छापील नमुन्यात त्यासाठी जागा होती — माहिती देणारा. एक रकाना, दोन शब्दांपुरता. मी त्यात काय लिहिले? 'प्रत्यक्ष निरीक्षण', आणि पुढे माझे नाव. डोमाजीचे नाव लिहिले असते तर मेमध्ये मी सही करून नाकारलेला झरा पौषात एका ढिवराने दाखवला, हे उघड झाले असते. हे एक कारण आहे. मी ते निमित्त म्हणून पुढे करत नाही. खरे कारण याहून साधे होते. तो ठिपका मला माझा हवा होता.

एवढ्यावर थांबलो असतो तर ती चोरी झाली असती, आणि चोरीची कबुली देणे त्या मानाने सोपे. मी पुढे गेलो.

सूची छापून झाल्यावर मी ती घेऊन डोमाजीच्या घरी गेलो. का गेलो? त्याचा आनंद पाहावा म्हणून — होय, तोही मला हवा होता. सगळा मजकूर इंग्रजीत. त्याला अक्षरओळख नव्हती. त्याने पान मांडीवर घेतले आणि विचारले, "कुठी हाये?"

मी बोट ठेवले. माझ्या नावावर.

"हे अख्खं माह्यं नाव?" तो म्हणाला. "लय लांब हाये."

"आडनावासकट आहे," मी म्हणालो.

त्याने त्या अक्षरांवरून अंगठा फिरवला आणि तोच अंगठा कपाळाला लावला. मग आत हाक मारली. सून बाहेर आली. शालू तिचे नाव, बारावीपर्यंत शिकलेली. "वाच वं शालू, काय लिवलं साहेबानं."

तिने पान हातात घेतले. वाचले. मी भिंतीकडे पाहत होतो, पण तिची नजर त्या ओळीवर दुसऱ्यांदा गेली हे मला कळले.

"बरोबर हाये, मामाजी," ती सासऱ्याला म्हणाली. "तुमचंच नाव हाये."

निघताना मी दारात जोडे घालत होतो. ती पाण्याचा तांब्या उचलायला म्हणून आली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "साहेब, थे हायेत तोवर हे कोनाले सांगू नका." आवाजात राग नव्हता. असता तर बरे झाले असते. मी माझे खोटे तिच्या तोंडी घातले होते. आणि तिने ते उचलले ते माझ्यासाठी नव्हे, त्याच्यासाठी.

त्यानंतर कितीतरी वर्षे मी गप्प राहिलो आणि त्या गप्प राहण्याला तिला दिलेला शब्द मानत आलो. तो शब्द मला किती सोयीचा होता, हे तुमच्या लक्षात आलेच असेल.

या वर्षी डोमाजी गेला. तेरवीला मी गेलो. आता मला अडवणारे काही उरले नव्हते. भंडाऱ्यापासून लाखांदूरपर्यंत एसटीच्या खिडकीशी बसून मी कबुलीची वाक्ये जुळवत होतो, एकेक शब्द तोलत होतो. पोहोचलो तर भिंतीवर त्याचा फोटो, आणि फोटोखाली काचेच्या चौकटीत ते पान. पानालाही गंध लावलेले.

गावातल्या एका वडीलधाऱ्याने मला उभे केले. "साहेब, दोन शब्द बोला. तुमच्याच पुस्तकात नाव हाये आमच्या डोमाजीचं."

मी उठलो. पौषातले ते पाणी सांगितले, त्याचे पाऊल सांगितले, वहीत दोनदा लिहिलेला आकडा सांगितला. त्या पावलाइतके अचूक साधन मी आयुष्यात दुसरे पाहिले नाही, हेही सांगितले. हे सगळे खरे होते, आणि सांगताना माझा आवाज अभिमानाने भरून आला होता. तोही खरा होता. लोक माना हलवत होते. मग शेवटचे वाक्य आले. एसटीत जुळवलेले वाक्य माझ्या ओठांवर होते.

मी म्हणालो, "त्यांचे नाव पुस्तकात आहे, आणि ते कायम राहील."

शालू दारात उभी होती. या वेळी तिने मला काहीही सांगितलेले नव्हते. ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली, आणि मग पंगतीची पाने मांडायला आत निघून गेली.