सन्मानाच्या गाडीला म्हावऱ्याचा वास

पहाटेचा वारा खाडीकडून सुटला की मुरब्याच्या किनाऱ्यावरचा वास आधी जागा होतो आणि मग माणसं. बांबूच्या उंच वलांडीवर जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने टांगलेले बोंबील त्या वाऱ्यात हलकेच झुलत असतात; त्यांच्या अंगावरून समुद्राचं उरलंसुरलं पाणी निथळतं, आणि उन्हाची पहिली तिरीप पडताच त्यातून एक खारट, उग्र, ओला दर्प उठून घराघरांचे उंबरे ओलांडतो. कपड्यांत मुरतो, वह्यांच्या पानांत शिरतो, केसांत मुक्कामाला राहतो. या वासाला मी सुगंध म्हणणार नाही. तुमच्याशी खोटं कशाला बोलू? पण त्याला दुर्गंध म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे, आणि ते मिटवायला मी आज बसलेली नाही.

एके काळी मीही त्यांच्याच बाजूने होते, हे आधी कबूल करते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. रसायनशास्त्र शिकायला पालघरला जाताना मी लिंबाच्या सालीने हात घासायची, ओढणीच्या घडीत कापूर ठेवायची. तरी एकदा वर्गात मागच्या बाकावरून प्रश्न आलाच, "कसला वास येतोय गं?" सगळ्या इकडेतिकडे पाहू लागल्या. मीही पाहिलं! खिडकीतून बाहेरसुद्धा डोकावले, जणू तो वास रस्त्यावरून चुकून आत आला असावा. त्या एका क्षणात मी माझ्या आईला, माझ्या घराला, त्या सगळ्या वलांड्यांना खिडकीबाहेर उभं केलं. पुढे पदवी मिळाली, बोईसरच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी मिळाली, पांढरा कोट मिळाला. ते डोकावणं मात्र गेलं नाही. कुठल्याच गुणपत्रिकेत न आलेला तो माझा एक नापास विषय!

माझे बाबा फौजेत ट्रक चालवायचे. भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाठ असलेला हा कोळ्याचा मुलगा ऐन तारुण्यात अशा डोंगरांत गेला, जिथे पाणी वाहत नाही, उभं राहतं. तिथल्या बर्फाने त्यांच्या डाव्या पायाची दोन बोटं ठेवून घेतली. घरी परतल्यावर त्यांना साध्या मोटरसायकलचा गियर टाकता येईना. डाव्या पायाने दाबायला जावं आणि पायाला दांडी सापडू नये! ज्याने दरीच्या काठाने दारूगोळा नेला, तो माणूस दारातल्या फटफटीपुढे हतबल होऊन उभा राहिलेला मी पाहिला आहे. मग आय, माझी आई, एकटीच डोक्यावर म्हावऱ्याची टोपली घेऊन सहा आसनी रिक्षाची वाट पाहायची, आणि रिक्षावाला लांबूनच हात हलवायचा, "मौसी, टोकरी नहीं चलेगी, सवारी चिल्लाती है." दोन-तीन रिक्षा अशा निघून गेल्या की ती पायीच निघायची. बोईसरच्या बाजारात ती पोचेपर्यंत चांगल्या जागा गेलेल्या असत आणि म्हावरं डोळे पांढरे करू लागलेलं असे.

दिवाळीनंतर कोळगावला, जिल्ह्याच्या कचेऱ्यांजवळच्या एका सभागृहात, एका संस्थेने माजी सैनिकांना बॅटरीवर चालणाऱ्या दुचाक्या भेट दिल्या. शुभ्र रंग, हँडलला तिरंगी फीत, झेंडूच्या माळा. गियर नाही, किक नाही. मूठ पिळली की निघाली! बाबांनी ती मूठ पहिल्यांदा पिळली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं, त्यासाठी मी त्या संस्थेची आजही ऋणी आहे, आणि हे मी उपरोधाने म्हणत नाही. आयने गाडीभोवती एक फेरी मारली, पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "नवरीगत सजवलीय गो गाडी. पन नवरा मातर जुनाच हाय!"

आता आमच्या चालीरीतीचं थोडं सांगायला हवं. आमच्याकडे नवी होडी आली की तिला हळदकुंकू लावतात, नारळ वाढवतात, आणि पहिल्या फेरीचं म्हावरं घरात न शिजवता आळीत वाटतात. होडी रिकामी परतू नये, एवढंच मागणं असतं. आणि खाऱ्या वाऱ्याने लाकूड खाऊ नये, खिळे गंजू नयेत म्हणून तिला मुशीच्या, म्हणजे लहान शार्कच्या, काळजातून काढलेलं तेल चोळतात. काळंभोर, दाट, आणि वासाला असं की उग्र म्हणावं तरी कमी पडावं. बाबांनी गाडीचं सारं काही होडीसारखं केलं. पहिल्या फेरीचे बोंबील वाटले. आणि कोनाड्यातली तेलाची बाटली काढून स्टँड, कॅरियर, नटबोल्ट, इतकंच काय, पाणी आत जाऊ नये म्हणून सीटच्या शिवणीसुद्धा निगुतीने माखल्या. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं की ही होडी नव्हे. सांगितलं असतं तरी ते विचारते झाले असते, "मग दर्याकाठी गंज काय फक्त होडीलाच लागते?"

त्या दिवसापासून आय बाबांच्या मागे बसून, मांडीवर टोपली धरून, सूर्य उगवायच्या सुमाराला बोईसरला पोचू लागली. बाजाराच्या तोंडाशीच तिला जागा मिळू लागली. हात हलवणाऱ्या रिक्षांना ती आता स्वतःहून हात करायची. केवढी ती ऐट!

मग आली सव्वीस जानेवारी. झेंडावंदनानंतर संस्थेने सगळ्या गाड्या कोळगावला एका ओळीत उभ्या करून घेतल्या. फोटो काढायचा होता. पांढरीशुभ्र विजार घातलेले अध्यक्ष ओळीवरून फिरले आणि सर्वांत जास्त चकाकणाऱ्या गाडीपाशी थांबले. ती बाबांची होती. आणि ती का चकाकत होती, हे तुम्हाला ठाऊक आहेच; आदल्या रात्रीच तेलाचा नवा हात फिरला होता. ते ऐटीत बसले, हसले, फोटो निघाला. उतरले तेव्हा विजारीच्या मागे काळ्या तेलाचा एक प्रशस्त नकाशा उमटला होता. त्यांनी हात लावला, हात नाकाशी नेला, आणि ओरडले, "कुणाची आहे ही गाडी? मासळीबाजार आहे का हा?"

बाबा सावधान उभे. बोलले ते त्यांच्या शेजारचे सखाराम काका, जव्हारकडच्या डोंगरातले, बाबांच्याच ट्रकवर बरोबरीने राबलेले. "बाजार नाय साहेब," ते शांतपणे म्हणाले, "बाजार रोज हिच्यावर बसून जाते."

दोन दिवसांनी सचिवांचं पत्र आलं. सन्मानार्थ दिलेल्या वाहनावर मासळीची वाहतूक होत असल्याचे निदर्शनास आले असून त्यामुळे सैनिकी सन्मानाचे पावित्र्य भंग पावत आहे. वाहन स्वच्छ करून, ते यापुढे केवळ प्रतिष्ठित कारणांसाठी वापरले जाईल अशी लेखी हमी द्यावी. अन्यथा वाहन परत घेऊन अधिक योग्य व्यक्तीस देण्यात येईल. मी ते घरात मोठ्याने वाचलं. आय चुलीशी बसली होती. उठली आणि कोपऱ्यातली जुनी चुंबळ, डोक्यावर टोपलीखाली घ्यायची, काढून झटकू लागली. परत पायी जायची तयारी!

आणि तरीही मी काय केलं असेल? कागद घेतला आणि शिकलेल्या माणसाच्या सराईतपणे लिहिलं, 'झाल्या प्रकाराबद्दल आम्ही दिलगीर आहोत.' पुन्हा एकदा खिडकीबाहेर डोकावले मी! बाबांनी कागद वाचला, घडी घातली.

"बाय, हे कोनी लिवलं?"

"मी."

"कशापायी?"

बाबा उंबऱ्यावर टेकले. "मी येवढी वर्षं सरकारची गाडी चालवली. डिझेलचा वास, रक्ताचा वास, सडलेल्या बटाट्याचा वास. वरच्यानं कंदी इचारलं नाय, गाडीला वास कसला येते म्हून. इचारलं ते एकच, माल पोचला का?" त्यांनी आयच्या हातातली चुंबळ घेतली आणि परत खुंटीला अडकवली. "हिचा माल येळेवर पोचते. मंग माफी कसली मागायची?"

मी तो कागद फाडला. सांगा, कुठल्या पावित्र्याची गोष्ट चालली होती? मी ज्या बोईसरात पोटासाठी जाते, तिथे कारखान्यांच्या बाजूने वारा आला की डोळ्यांना पाणी सुटतं. माझ्या पांढऱ्या कोटाला दिवसभर तोच रसायनांचा वास असतो, आणि त्याला लोक प्रगती म्हणतात. त्या वासाला कुणी हमीपत्र मागत नाही. मग माणसाच्या जेवणाच्या वासानेच सैनिकाचा मान का विटाळावा? सीमेवर गेला तेव्हा हा माणूस कोळी होता, हे चाललं. परत येऊन तो कोळीच राहिला, हे चालू नये? वीराला हारात पाहायचं आणि त्याच्या घरच्या टोपलीकडे पाठ फिरवायची, याला सन्मान म्हणायचं असेल तर तो भिंतीवरच्या तसबिरीचा करा. जिवंत माणसाला पोट असतं, बायको असते, बाजाराची वेळ असते!

शनिवारी आम्ही कोळगावला गेलो. बाबा बाजारातून परस्पर आले, आयसह, रिकाम्या टोपलीसह, न धुतलेल्या गाडीसह. मी बसने पोचले. सखाराम काका दाराशीच होते. सचिवांनी खुर्च्या दिल्या, पंखा मोठा केला, हमीपत्राचा कागद पुढे सरकवला. त्या कागदावर मी घरून नव्याने लिहून आणलेला कागद ठेवला आणि तो उभी राहून वाचला.

"गाडी दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. ती आता आमच्या घरची झाली आहे. आमच्या घराला जो वास आहे, तोच तिला येईल. हे चालणार नसेल तर किल्ली टेबलावर आहे."

बाबांनी किल्ली ठेवली. अंगठ्याचा तेलकट ठसा टेबलाच्या काचेवर उमटला. आय त्या किल्लीकडे बघतही नव्हती; तिने टोपली अशी घट्ट धरली होती, की उद्याचा सगळा रस्ता तिला त्याच क्षणी पायांखाली दिसत असावा.

सचिव माणूस वाईट नव्हते. घाम पुसत म्हणाले, "अहो, एवढं मनाला लावून घेऊ नका. मासळीचं तेवढं बघा, बाकी..."

तेवढ्यात दुसरी किल्ली टेबलावर पडली. सखाराम काकांची. "माझ्या गाडीवर नागलीची पोती असतात साहेब. परवा शेळी बसून गेली दवाखान्यात. तिनंबी सलामी दिली नाय. माझीबी घ्या."

सचिव फोन घेऊन बाहेर गेले, बराच वेळ कुणाशी तरी हळू आवाजात बोलले, परत आले आणि किल्ल्या पुढे सारल्या. "घेऊन जा. काही अट नाही."

आय उठलीच होती. पण बाबा हलले नाहीत. "लिवून द्या," ते म्हणाले. "फौजेत आमी तोंडी शब्दावर माल सोडत नव्हतो."

आणि सचिवांनी लिहून दिलं. त्याच हमीपत्राच्या मागच्या कोऱ्या बाजूवर, सही-शिक्क्यानिशी! तो कागद आज आमच्या घरात बाबांच्या पदकाशेजारी आहे. दोन्हींत मोठं कुठलं, हे मी त्यांना विचारलेलं नाही.

रविवारी दुपारी बाबांनी गाडी अंगणात घेतली, तेलाची बाटली काढली. मी पुस्तक मिटून उठले. आयुष्यात पहिल्यांदा मी ते तेल ओंजळीत ओतून घेतलं, आणि कॅरियरच्या दांड्यांपासून सीटच्या शिवणीपर्यंत गाडी माखून काढली. वरून वलांडीवरचा वारा येत होता. नखांत, तळव्यांच्या रेषांत, मनगटाच्या घडीत तो वास उतरत गेला, आणि जुन्या ओळखीचं माणूस दार न ठोठावता आत यावं, तसा राहिला. संध्याकाळी घरात लिंबू होतं. मी ते चिरलं आणि बोंबलावर पिळलं.

सोमवारी प्रयोगशाळेत कोट चढवला. काचेची नळी उजेडात धरली होती, तेवढ्यात शेजारच्या टेबलावरून प्रश्न आला, "कसला वास येतोय?" सगळे इकडेतिकडे पाहू लागले. खिडकी माझ्या हाताशीच होती, उघडीही होती.

मी नळी खाली ठेवली आणि म्हणाले, "माझा."