न नेलेले फोटो

आमच्यातलंच कुणीतरी फितूर आहे! रविवारी खोलीत जे घडतं ते सोमवारी चहाच्या गाड्यावर ऐकायला मिळतं, तेही तिखट-मीठ लावून. त्यापेक्षा मीच सांगते. किस्से साचत जातात, आणि वेळेवर सांगितले नाहीत तर त्यांचे हिरो बदलतात.

राजारामपुरीत बापूंचा फोटो स्टुडिओ आहे. वरच्या खोलीत दर रविवारी आम्ही तिघं लिहायला बसतो: मी, सुजाता आणि प्रणव. लोक फोटो काढून जातात आणि न्यायला येतच नाहीत. असे फोटो बापूंनी बिस्किटाच्या डब्यात ठेवलेत. एक अनोळखी चेहरा उचलायचा आणि त्याच्यावर गोष्ट लिहायची, हा आमचा उद्योग. माझं तर म्हणणं आहे, कथा अशाच लिहायला हव्यात, सगळ्यांनी, आजपासून!

बापूंची अट एकच. "फोटोतल्या माणसाची एक जरी तक्रार आली, तर खोलीला कुलूप!" आणि कोल्हापुरात फुकट खोली देऊन वर चहा पाजणारा दुसरा माणूस आम्हाला माहीत नाही.

*

सुजातानं एकदा एका बाईचा फोटो उचलला. "तिच्या डोळ्यांत न बोललेल्या प्रेमाचं तळं होतं..." मी तर रडलेच.

प्रणवनं फोटो हातात घेतला. "ही माझी मामी! प्रेम कसलं? दाढ काढून थेट फोटोला आलती!"

*

पुढच्या रविवारी प्रणवला स्थळासाठी काढलेला एका मुलीचा फोटो मिळाला. गोष्ट लिहिता लिहिता तो तिच्या प्रेमातच पडला. तिसरं पान संपलं तसा खाली जाऊन बापूंना म्हणाला, "पत्ता द्या."

बापू म्हणाले, "लगीन झालं की तिचं! उरलेलं फोटो न्यायला आली न्हाय, तवाच वळकायचं."

*

मग मीच हट्ट धरला. साहित्य डब्यातून रस्त्यावर यायला हवं! चौकात वाढदिवसाचा भलामोठा फ्लेक्स होता, खाली शुभेच्छुकांचे चेहरे, गॉगलसकट. त्यातल्या एकाकडे बघत मी मोबाईलवर लिहीत होते. नेमका तोच माणूस गाडीवरून उतरला.

"काय बघालाय, ताई?"

"तुमच्या चेहऱ्यावर एकटेपणा दिसतोय."

"एकटेपणा? शेजारी एवढी पोरं हाईत, दिसंनात व्हय?" मग तो स्वतःच फ्लेक्सकडे बघत राहिला. "पर ह्यातलं एक बी माझ्या वाढदिवसाला आलं न्हाय."

आम्ही तिघं बराच वेळ त्याची समजूत घालत होतो. मिसळ त्यानंच दिली.

*

शेवटी आम्ही जाहीर वाचन ठरवलं, खाली स्टुडिओतच. तिघांनी एकाच फोटोवर लिहायचं. गालभर मिशा, फेटा, जळजळीत नजर! बापूंनी तो मोठा करून भिंतीवर लावला.

श्रोते दोन: बापू आणि प्रणवची मामी. इतक्यात शिरोळकडचं एक जोडपं आत आलं. नवऱ्यानं उन्हामुळं तोंडाला टॉवेल गुंडाळलेला. गुपचूप मागं बसले. मला भरून आलं. साहित्य शिरोळपर्यंत पोचलं!

प्रणवच्या गोष्टीत मिशीवाला दरोडेखोर होता. सुजातानं त्याला प्रेमभंगानं मारला. माझ्या गोष्टीत मात्र तो गावाला दरडावून घरी यायचा, दार लावून घ्यायचा आणि बायकोचे हात दुखतात म्हणून भांडी घासायचा.

टाळ्या दोनच वाजल्या. मागच्या पावण्यांनी टॉवेल सोडला. भिंतीवरच्याच मिशा!

"माझा फोटू न्यायला आलतो," ते म्हणाले.

बापू उठले. कुलूप त्यांच्या हातातच होतं. "पावणं, काय तक्रार असंल तर आत्ताच बोला."

पावण्यांनी मिशीवरून हात फिरवला. बोलली ती त्यांची बायको, डोक्यावरचा पदर नीट करत.

"तक्रार कसली? ते भांडी घासत्यात तेवढं पुन्यांदा वाचा की. ह्यास्नी नीट ऐकू आलं न्हाय."