लाडावलेला कोंबडा

आमच्याकडे चार जण बसले की कोंबड्याचे किस्से निघतातच. एकाने एक सांगितला की दुसऱ्याला दोन आठवतात. हसून हसून पोट दुखतं, आणि मग नजर अंगणाकडे जाते. कोंबडा आता आमच्याकडे नाही.

वडिलांनी, म्हणजे नानांनी, एरंडोलच्या बाजारातून पिल्लं आणली. विकणाऱ्याने शपथेवर सांगितलं, सगळ्या माद्या! एका सकाळी गोठ्यामागून आधी घरघर आणि मग किंचाळी ऐकू आली. आई, तिला सगळे अक्का म्हणतात, ओरडली, "पया, मोटर जयनी वाटस!"

पाण्याची मोटर जळाली नव्हती, ठणठणीत होती. आमची एक 'मादी' आरवायला शिकत होती!

निघाले सगळेच नर. तुरे फुटले तशा मारामाऱ्या जुंपल्या, आणि नानांनी एकेक करून ते देऊन टाकले. ठेवला फक्त राजा. पिल्लू असताना तो अशक्त होता, म्हणून नानांनी त्याला बंडीच्या खिशात वाढवलेलं.

*

राजा वयात आला आणि माणसांवर धावायला लागला. लाइटचा मीटरवाला फाटकाबाहेरूनच म्हणाला, "नाना, रीडिंग अंदाजे टाकतो, तुम्ही फक्त कोंबडा धरा!"

गुरांच्या डॉक्टरांनी कारण सांगितलं. "लहानपणी अंगाखांद्यावर खेळवलात, त्याला माणसाची भीतीच उरली नाही. तो तुम्हाला दुसरा कोंबडा समजतो."

नाना जरा खूशच झाले!

*

डॉक्टरांनी उपाय दिला : धावून आला की मागे सरकायचं नाही, उचलून शांत होईपर्यंत काखेत धरायचं. नानांनी तो फारच मनावर घेतला. गावात एक म्हातारे आबा वारले, तर त्यांच्या दारावर बसायला नाना गेले ते राजाला काखेत घेऊन! सगळे मुकाट बसलेले, आणि राजा आरवला. शेजारी बसलेल्या मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आबांचा मुलगा डोळे पुसत म्हणाला, "आमना आबा बी आसाच वरडेत." लोक रडता रडता हसले.

*

अक्काला शुगर आहे. राजाने पायाचा काटा तिच्या पोटरीत घुसवला आणि जखम भरेचना. जळगावच्या दवाखान्यात चकरा सुरू झाल्या. पाय जाईल म्हणाले. अक्का नानांना म्हणाली, "कोंबडं ठेवा, नही ते माले ठेवा."

नाना विचारात पडले!

यावर आता आम्ही सगळ्यात जास्त हसतो. तेव्हा कुणीच हसलं नव्हतं. राजाला थोडं लांब ठेवून वाढवलं असतं तर तो आज अंगणात असता, याची हळहळ मला अजून वाटते.

*

राजा सावद्याला काकांच्या केळीच्या बागेत गेला. कापायचा नाही, या बोलीवर. अक्काचा पाय बरा झाल्यावर नाना आणि मी त्याला भेटायला गेलो. तिथे त्याला कुणी हातात घेत नाही. काका म्हणाले, "गरीब गाय झालाय!"

नाना उकिडवे बसून तळहातावर ज्वारी घेऊन हाका मारत राहिले. राजाने मान वाकडी करून पाहिलं आणि कोंबड्यांच्या मागे केळीत निघून गेला. ज्वारी तशीच बंडीच्या खिशात टाकून नाना गाडीत बसले.

घरी अक्काने पाणी दिलं. "वळखं का त्यानी तुमले?"

"वळखं ना! देखताच पायवर धावना!"

अक्का हळद आणायला उठली. नानांनी धोतर पायावर ओढून घेतलं.

"बस वं. जास्त नही लागनं."